लाईट आहे, मॅडम

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या गाळ्यात शिरल्या शिरल्या मी पहिला प्रश्न विचारला तो हाच. लाईट आहे ना? दलालानं भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि पेटली. "आहे, मॅडम. बघा." मी बघितली. मागे बाबा उभे होते, त्यांनीही बघितली. चाळीस वर्षं खराद (लेथ) आणि मिलिंगवर घालवलेला माणूस आणि मेकॅनिकलची पदवी घेतलेली त्याची मुलगी, दोघंही एका पेटलेल्या ट्यूबकडे बघून खूश होऊन बाहेर आलो. त्या ट्यूबनं पुढे आम्हाला चार महिने झुलवलं.

आमचा धंदा प्लॅस्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवण्याचा. बाटल्यांची झाकणं, औषधांच्या डब्या, कसले कसले क्लिप. बाबांनी १९८४ साली ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात एक खराद आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून सुरुवात केली. मी २०११ पासून त्यांच्याबरोबर आहे. आता दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक स्पार्क मशीन (विजेच्या ठिणग्यांनी स्टील कोरणारं), सरफेस ग्राइंडर, जुना खराद (तो विकायचा नाही असा बाबांचा हुकूम आहे) आणि नऊ माणसं.

२०२२ च्या दिवाळीत शेडमालक फराळाचा डबा घेऊन आले आणि डबा टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, की एप्रिलअखेर जागा मोकळी करून द्या, इमारत उभी करायची आहे. राग यायला हवा होता, पण आला नाही. एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. ज्या रस्त्यांवर आम्ही लहानपणी कटिंग ऑइलचा वास घेत बाबांचा डबा पोचवायला जायचो, तिथे आता काचेच्या इमारती आणि गाड्यांची शोरूम आहेत. त्या जमिनीवर स्पार्क मशीन चालवण्यापेक्षा माणसं संगणकापुढे बसवली तर दर चौरस फुटामागे कितीतरी जास्त भाडं येतं. मालकानं तेच केलं, मीही केलं असतं.

मग शोध सुरू झाला. मुरबाड, अंबरनाथ, तळोजा सगळीकडे फिरले. जागा स्वस्त मिळत होती, पण आमची माणसं राहतात कळवा, दिघा आणि दिव्यात. फोरमनकाकांनी सरळ सांगितलं, "ताई, मुरबाडला मशीन जातील, माणसं नाही जाणार." स्पार्क मशीनवर हात बसलेला कारागीर पुन्हा तयार करायला दोन वर्षं लागतात. तो हिशेब कुठल्याच दलालाच्या कागदावर नसतो. शेवटी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेची टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) वसाहत उरली. ठाणे ते तुर्भे-वाशी लोकल २००४ पासून धावते, रबाळे स्टेशनवर उतरून माणूस पंधरा मिनिटांत चालत कामावर. ठरलं.

विकत घेण्याचा विचार एका संध्याकाळी केला आणि त्याच संध्याकाळी सोडला. एमआयडीसीची जमीन आपली होत नाही, ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळते. दुसऱ्याकडून घ्यायची तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतराचं शुल्क, त्यावर मुद्रांक शुल्क. त्यातून बँकेचा मॅनेजर विचारतो, पट्ट्याची किती वर्षं शिल्लक आहेत? जेवढे पैसे त्यात घालायचे तेवढ्यात तिसरी व्हीएमसी येते. आम्ही भाड्यानंच घ्यायचं ठरवलं.

दलालानं सांगितलेला भाव होता ४२ रुपये चौरस फूट, क्षेत्रफळ १,८०० चौरस फूट. महिन्याला ७५,६०० रुपये. वागळेच्या मानानं स्वस्तच वाटलं. दुसऱ्या फेरीला मी टेप घेऊन गेले. फोरमनकाकांनी एक टोक धरलं, मी दुसरं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खांब वजा करून, शटरच्या आतून. गुणाकार केला तो १,२१० आला. पुन्हा मोजलं. पुन्हा १,२१०. दलाल हसून म्हणाला, "मॅडम, ते कारपेट झालं. जिना, पॅसेज, लिफ्ट, सगळं लोडिंगमध्ये असतं." मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर काढून ७५,६०० ला १,२१० नी भागलं. साडेबासष्ट. म्हणजे मशीन ज्या फरशीवर उभं राहणार त्या फरशीचा भाव ४२ नव्हे, ६२ रुपये ५० पैसे. जिन्यात व्हीएमसी ठेवता येत नाही. वागळेच्या शेडला जिनाच नव्हता, तिथे मोजलेला फूट हा फूटच होता. दोन्ही भाव एकाच मापात आणल्यावर रबाळ्याची "स्वस्ताई" महिन्याला चार हजारांवर आली.

तरी घेतलं, कारण जमीन मजबूत होती, ट्रक थेट शटरपर्यंत येत होता आणि तळमजला होता. मोल्डच्या धंद्यात तळमजल्याशिवाय चालत नाही. पाचशे किलोचा मोल्ड लिफ्टनं वर न्यायचा म्हणजे रोजचा जिवाशी खेळ.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, ६० महिन्यांचा, दरवर्षी पाच टक्के वाढ. अनामत सहा महिन्यांची, म्हणजे साडेचार लाख बिनव्याजी मालकाकडे. मुद्रांक शुल्काची मला धास्ती होती, ती मात्र फुकट गेली. महाराष्ट्रात या कराराला एकूण भाड्यावर पाव टक्का लागतो, शिवाय अनामतीवर दहा टक्के कल्पित व्याज धरून त्यावरही पाव टक्का. पाच वर्षांचं मिळून साधारण तेरा हजार आणि नोंदणीचे एक हजार. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, महिन्याला १३,६०८. तो पुढे आपल्या विक्रीच्या जीएसटीतून वळता होतो हे खरं, पण वळता होण्याआधी खिशातून जातो. मोल्डचं काम असं की ऑर्डर घेतल्यापासून बिल फाडेपर्यंत तीन-चार महिने जातात. तोपर्यंत सरकारला दिलेले ते तेरा हजार दर महिन्याला नुसते साचत राहतात.

एक गोष्ट मात्र मी नीट केली, तीही बाबांमुळे. एमआयडीसीच्या जागेत पोटभाडेकरू ठेवायचा तर मूळ भूखंडधारकाला महामंडळाची परवानगी घ्यावी लागते, त्याचं शुल्क भरावं लागतं. बाबा म्हणाले, "परवानगीचं पत्र बघितल्याशिवाय सही करू नकोस." मालक म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, इथे सगळे असेच बसलेत." मी टेन्शन घेतलं. सही लांबवली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. पुढे बँकेनं मशीनच्या कर्जासाठी पहिला कागद मागितला तो हाच.

आता लाईट.

१ फेब्रुवारी २०२३ ला चाव्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी आमचा वायरमन पाहणी करायला आला. मेन स्विच उघडला, आत बघितलं, मग बाहेर मीटरच्या खोलीत जाऊन आला आणि मला हाक मारली. "ताई, इकडे या जरा." मीटरच्या खोलीत बारा चौकटी होत्या. अकरांत मीटर होते. आमच्या गाळ्याच्या नंबराखाली दोन तुटक्या वायरी आणि एक कोळ्याचं जाळं. "मग ट्यूब कशी पेटते?" मी विचारलं. तो काही बोलला नाही. माळ्यावर चढला आणि छतालगत गेलेली एक पांढरी वायर बोटानं दाखवत शेवटपर्यंत गेला. ती भिंतीच्या भोकातून शेजारच्या गाळ्यात गेली होती. शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी निरागसपणे सांगितलं, "मालक म्हणाले होते, गाळा दाखवायला दोन दिवस लाईट द्या."

पाण्यात म्हैस आणि वर मोल, ते असं.

चौकशी केल्यावर कळलं, आधीचा भाडेकरू बिल थकवून निघून गेलेला, कनेक्शन पीडी झालेलं, म्हणजे कायमचं तोडलेलं. थकबाकी व्याजासह १,९२,००० च्या वर. तो भाडेकरू कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, मालकालाही नाही. निदान तसं ते म्हणाले. जुनी बाकी उभी असताना त्या जागेवर नवं कनेक्शन मिळणार नाही, हे तर मलाही ठाऊक होतं. रात्री बाबा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसलो. बाबा म्हणाले, "अगं, जाऊ दे, भरून टाक, सीझन जाईल." मला ते पटेना. झाकणं आम्ही बनवायची आणि बिल कुणाचं भरायचं?

दोन दिवस मी नियम वाचले. वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत लिहिलंय, की जुनी बाकी जागेवर चढते आणि नव्या भोगवटादाराकडून मागता येते, पण वारस सोडून इतरांकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची. आमच्या बाबतीत सहा महिन्यांची रक्कम निघाली ९१,००० च्या आसपास. तो कागद मी मालकांपुढे ठेवला आणि सांगितलं, हे मी आज भरते, पण तीन महिन्यांच्या भाड्यातून कापून घेणार. नाहीतर करार रद्द करा, अनामत परत द्या. ते अर्धा तास फोनवर कुणाशी तरी बोलत फेऱ्या मारत राहिले, मग "ठीक आहे" म्हणाले. मेल करा म्हटलं. केला. (तोंडी "ठीक आहे"चा काहीही उपयोग नसतो.) मी मार्चमध्ये पैसे भरले आणि १९ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंही एका मोठ्या निकालात सांगितलं, की नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी बाकी भरल्याशिवाय कंपनी नवं कनेक्शन नाकारू शकते. भांडत बसले असते तर सीझनही गेला असता आणि खटलाही.

बाकी मिटली तेव्हा खरं काम सुरू झालं. जुना भार १५ एचपीचा (सुमारे ११ किलोवॅट) होता, आम्हाला हवे होते ४० किलोवॅट. बाहेरच्या माणसाला हा आकड्यांचा खेळ वाटेल, पण लघुउद्योगात २० किलोवॅट ही एक वेस आहे. तिच्या आत असाल तर स्थिर आकार (वीज वापरा, न वापरा, लागणारं शुल्क) दर जोडणीमागे ठरलेला असतो. वेस ओलांडली की तो केव्हीएप्रमाणे, म्हणजे भाराच्या मापाप्रमाणे, लागतो. मशीन बंद ठेवलीत तरी मंजूर मागणीच्या ठरावीक हिश्शाइतकं भरावंच लागतं. म्हणून कमी भार मागावा, तर व्हीएमसी आणि स्पार्क एकत्र सुरू झाले की मीटरनं टिपलेली मागणी मंजुरीच्या वर जाते आणि दंड लागतो. जास्त मागावा तर न वापरलेल्या केव्हीएचे पैसे. वायरमन, फोरमनकाका आणि मी एका रविवारी जुन्या शेडमध्ये क्लॅम्प मीटर घेऊन बसलो आणि प्रत्येक मशीन सुरू होताना, चालताना किती अँपियर घेतं ते वहीत लिहिलं. बाबांचा खराद सुरू होताना काटा उडाला तेव्हा काका हसून म्हणाले, "म्हातारा अजून जोरात आहे." चाळीसचा आकडा त्या वहीतून आला.

अर्ज माझ्याच चुकीनं एकदा परत आला. ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टवर गाळ्याचा नंबर शेजारचा पडला होता आणि मी न वाचता सही केली होती. बारा दिवस गेले. मग पाहणी झाली आणि कोटेशन हातात आलं. त्यात सर्व्हिस लाईनचा आकार होता आणि सुरक्षा ठेव होती. ठेव पूर्वी एका महिन्याच्या सरासरी बिलाएवढी असायची. २०२१ च्या नव्या संहितेपासून ती दोन महिन्यांची झाली. आमची ९२,००० निघाली. तिच्यावर व्याज मिळतं, पण ते मिळतं बिलातून वजा होऊन, आणि दरवर्षी तुमचा वापर वाढला की ठेवीचं वाढीव बिल येतं. वाढलेल्या धंद्यावर हा एक छोटासा कर आहे असं मी धरून चालते.

पण कोटेशनमधला आकडा काहीच नव्हता. केबल आमची होती. फीडर पिलर, म्हणजे जिथून वीज घ्यायची ती पेटी, रस्त्याच्या पलीकडे, गाळ्यापासून सत्तर मीटर. साडेतीन कोअरची आर्मर्ड केबल, खोदाई, विटांचं आवरण, वर मुरूम, रस्ता फोडण्याची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे. सगळं मिळून १,६८,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि हे सगळं मेअखेरच्या आत, कारण पावसाळ्यात रस्ते खोदायला बंदी असते. मे हुकला तर एकदम दसऱ्यानंतर.

२४ मेच्या रात्री अकरा वाजता रस्ता फोडला. दिवसा कंटेनरची रांग असते म्हणून रात्र. मी आणि बाबा प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. ब्रेकरवाल्यानं पहिल्या फुटाखालीच हात वर करून थांबवलं. खाली नारिंगी पाइप होते, एकाला लागून एक असे पाच-सहा. फायबर. कुणाकुणाचे ते पाइपवर छापलेलं होतं. बाबा टॉर्च घेऊन वाकून बघत होते. मला म्हणाले, "यातून काय जातं?" मी म्हटलं, "सगळंच. तुमचं बँक खातं, व्हॉट्सअॅप, सिनेमे." महापे, रबाळे, ऐरोली हा पट्टा आता डेटा सेंटरांचा पट्टा झालाय. जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागी खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्यात. जागेचे भाव चढण्यामागे त्याही आहेत. पुढचा फूटभर खड्डा मजुरांनी पहारीनं, हळू हळू, देवाची मूर्ती काढावी तसा खणला.

शेड एप्रिलअखेर सोडायची होती आणि लाईट आली ६ जूनला. मधले दिवस भाड्याच्या जनरेटरवर काढले, तेही सगळे नाहीत, ज्या ऑर्डर थांबवता येत नव्हत्या तेवढ्याच. तेव्हा डिझेल ९४ रुपयांच्या आसपास होतं. एका लिटरात जेमतेम तीन युनिट. म्हणजे एका युनिटला नुसत्या डिझेलचे ३१ रुपये, जनरेटरचं भाडं वेगळं. वागळेत सगळे आकार धरून मला युनिट दहाच्या आसपास पडत होतं. झाकणाच्या एका मोल्डवर मी त्या महिन्यात निव्वळ तोटा केला, गिऱ्हाईक टिकवण्यासाठी. गिऱ्हाईकाला हे कधी सांगितलं नाही.

त्यात १ एप्रिलपासून नवे वीजदर लागू झाले होते. फेब्रुवारीत मी केलेला अख्खा तक्ता एका आदेशानं जुना झाला. उद्योगाला वीज महाग पडते त्याचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे, शेतीपंपाच्या आणि गरीब घरांच्या सवलतीचा काही भार आमच्या दरातून उचलला जातो. त्याला मी नाव ठेवत नाही, गावी काकांच्या विहिरीवरचा पंप त्याच पैशांवर चालतो. पण राज्याच्या तेव्हाच्या प्रोत्साहन योजनेत ठाणे-बेलापूर पट्टा विकसित म्हणून "ए" गटात होता. लांबच्या तालुक्यांना मिळणाऱ्या सवलतींतलं आमच्या वाट्याला जवळजवळ काही नव्हतं. दोन्हीकडून आम्हीच विकसित.

पहिलं बिल आलं तेव्हा मी ते ओळीनं वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क साडेसात टक्के, विक्रीवरचा कर. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी लागणारा हिस्सा, ०.८४. हलवताना कपॅसिटर पॅनलचे दोन कपॅसिटर मेले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नऊ हजारांचे कपॅसिटर बदलले, पुढच्या बिलात ०.९८. हे तरी आपल्या हातातलं.

वेळेनुसार दराचं मात्र वेगळंच झालं. तेव्हाच्या दरांत रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट होती, सकाळी नऊ ते बारा ८० पैसे जादा आणि संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैसे जादा. मला वाटलं, रफिंगचं, म्हणजे स्टील ढोबळ कापून काढायचं, काम रात्री लावू, मशीन आपोआप आठ तास स्टील खात बसेल. रात्रीचे साठ युनिट, सूट ९० रुपये. लक्ष ठेवायला थांबणारा ऑपरेटर रात्रभत्ता मागत होता १५०. संध्याकाळचा जादा आकार टाळला म्हणून आणखी ६६ वाचतात असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "ताई, मग बरोबरीत सुटलं. आता चहा कोण देणार?" रात्रपाळी बारगळली. संध्याकाळी सहाला जड मशीन बंद करून फिटिंगची कामं घ्यायची, एवढं जमलं.

पाण्याचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणातून येतं. आम्हाला लागतं कूलंटला आणि पिण्याला. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असतो त्या दिवशी टाकी भरून ठेवायची.

उरला फोन. गंमत अशी की जागा आणि वीज या दोन्हींच्या वेळी शांत असलेले बाबा फोनच्या बाबतीत घाबरलेले होते. "आधी फोनचं बघ," असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांचं कारण त्यांच्यापुरतं पक्कं आहे. वागळेत धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी फोनसाठी नंबर लावला आणि फोन आला सहा वर्षांनी. तोपर्यंत त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर शेजारच्या स्टील व्यापाऱ्याचा नंबर आणि पुढे कंसात "पी.पी." छापलेलं असायचं. व्यापाऱ्याचा पोऱ्या हाक मारायला यायचा, बाबा हात पुसत धावायचे. पुण्याच्या गिऱ्हाईकाशी बोलायचं तर रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर रांग, कारण तेव्हा पाव दर लागायचा. गिऱ्हाईकही बिचारं जागं राहायचं. काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे पळायचे आणि बाबा त्यांच्याकडे बघत भराभर मापं सांगायचे. "मापं सांगायची आणि ठेवायचा. बरं आहेस का विचारलं की सव्वा रुपया." नव्वदीच्या दशकात मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपये होते आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडायचे. येणारा फोन फुकट झाला २००३ मध्ये. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला, की आज नऊ माणसांच्या मोबाइलचा मिळून खर्च माझ्या एका दिवसाच्या जनरेटरच्या डिझेलपेक्षा कमी आहे.

त्यामुळे मी बाबांना म्हणत होते, फोनचं काय, ते होऊन जाईल. आणि गाळ्यात फोनला नेटवर्कच नव्हतं.

वर मजले, तिन्ही बाजूंनी इमारती, समोर कंटेनर. शटरच्या बाहेर पूर्ण दांड्या, आत शून्य. जीएसटीचं पोर्टल उघडलं की ओटीपी यायचा, पण तो रस्त्यावर यायचा. अकाउंट्सची मुलगी फोन घेऊन धावत बाहेर जायची, नंबर वाचून ओरडत आत यायची, तोवर वेळ संपलेली. ज्या पट्ट्यातून अर्ध्या देशाचा डेटा फिरतो, जिथे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी नारिंगी पाइप बघितले, तिथे सहा आकडे वीस फूट आत पोचत नव्हते.

एका कंपनीनं लीज लाईन सुचवली, १० एमबीपीएसला वर्षाला ८४,००० आणि वर जीएसटी. वेग हमखास मिळतो, बंद पडली तर चार तासांत माणूस. दुसरीकडे साधं ब्रॉडबँड महिन्याला ९९९ रुपयांत १०० एमबीपीएस, पण हमी कसलीच नाही. आमच्याकडे गिऱ्हाईकाची थ्री-डी फाइल येते, दिवसातून दोन-तीन. ती अर्धा तास उशिरा आली म्हणून जग बुडत नाही. मी ९९९ चं घेतलं. पण फायबर रस्त्यावरून इमारतीत आणायला इमारतीच्या समितीनं ब्रॉडबँडवाल्या पोराकडे पंचवीस हजार मागितले, का तर डक्ट (केबल न्यायची नळी) आमची आहे. पोरगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या एका कनेक्शनसाठी मला परवडत नाही." शेवटी मी अकरा गाळ्यांत फिरून सात जणांना तयार केलं, समितीला पंचवीसचे दहा करायला लावले आणि ते दहा आम्ही सात जणांनी वाटून घेतले. पहिल्या महिन्यात उंदरानं फायबर कुरतडली. आता ती लोखंडी पाइपातून जाते. पाइप आमच्या भंगारातला.

नेटवर्कसाठी वायफाय कॉलिंग सुरू केलं, पण बाबांचा फोन जुना, त्यात ते नाही. नवा घेत नाहीत. तिसऱ्या खांबापाशी, खिडकीच्या काचेला लागून एक जागा आहे, तिथे दोन दांड्या येतात. तिथे एक स्टूल ठेवलंय. दुपारी बाबा त्या स्टुलावर बसून जुन्या गिऱ्हाइकांशी बोलतात, अजूनही मोठ्यानं आणि भराभर. मापं सांगतात, ठेवतात.

गेल्या महिन्यात शेजारचा गाळा रिकामा झाला. मालकांचा फोन आला, "दोन दिवस जरा लाईट द्या, पार्टी येतेय." मी नाही म्हणू शकले नाही, शटरचा रस्ता एक आहे, भाडं कापण्याचं प्रकरणही ताजं आहे. वायरमननं भिंतीच्या त्याच भोकातून वायर सोडली. दुपारी तोच दलाल एका तरुण जोडप्याला घेऊन आला. पॅकिंगचा धंदा करायचाय म्हणत होते. भिंतीपलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला. "आहे, मॅडम. बघा."

मी हातातला व्हर्निअर खाली ठेवला आणि बाहेर जाऊन त्या मुलीला म्हटलं, "जरा मीटरच्या खोलीत येतेस का? पाचच मिनिटं."